कटिंगच्या ग्लासात शिराझ

चार बाटल्या, चार प्रकारचं चीज, सहा मित्र आणि माणशी ४६० रुपये. वाइन टेस्टिंग म्हणजे फक्त फाइव्ह स्टारवाल्यांचं काम, हा समज घरच्या घरी मोडून काढायचा ठरवला. मोडलं मात्र भलतंच काहीतरी.

सुरुवात एका चुकीपासून करतो, कारण ती माझीच होती.

दोनेक महिन्यांपूर्वी आमच्या एका सीनिअरला जॉब लागला म्हणून त्याने हॉटेलात पार्टी दिली. टेबलावर चीजची पाटी आली, सोबत रेड वाइन. आमच्या ग्रुपमध्ये एक दिंडोरीचा मुलगा आहे, त्याला आम्ही सगळे दिंडोरीकरच म्हणतो. त्याने ग्लास उचलला आणि तहान लागल्यासारखा अर्धा संपवला. मी लगेच म्हणालो, “अरे, हळू! सरबत नाहीये ते.” टेबल हसलं. तोही हसला. पण नंतर रात्रभर त्याने त्या ग्लासला हात लावला नाही आणि चीजच्या पाटीलाही नाही.

खरं सांगायचं तर मलाही काही कळत नव्हतं. ग्लास गोल गोल का फिरवतात, हे मी रील्समध्ये बघून शिकलो होतो. म्हणजे दोघंही सारखेच अडाणी, फरक एवढाच की मला अडाणीपणा लपवता येत होता.

परतताना रिक्षात आमची केमिस्ट्रीवाली मैत्रीण म्हणाली, “आपण हे घरी करूया ना. नीट. लेबल न बघता.” तिथून हा सगळा उद्योग सुरू झाला.

आधी नियम, मग बूच

एक गोष्ट आधीच क्लिअर करतो. आम्ही सगळे एमएस्सीवाले, बावीसच्या पुढचे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१ आहे, हार्ड लिकरसाठी २५, आणि परवानाही लागतो. त्यामुळे एफवाय-एसवायवाल्यांनी हा लेख वाचावा, चीजचा भाग करून बघावा, बाकीचं थांबू शकतं. दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. त्यामुळे ‘रेड वाइन हार्टला चांगली असते’ हा डायलॉग आमच्याकडे पहिल्याच मिनिटाला बाद झाला.

आमच्यातली एक जण पीतच नाही. तिला आम्ही पंच केलं. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून १ ते ४ नंबर टाकायचे, ओतायचं, आणि कोण काय म्हणतंय ते वहीत लिहायचं, हे सगळं तिच्याकडे. तिने वाइनचे पैसे द्यायचे नाहीत, फक्त चीजचे. चार बाटल्यांचे मिळून १,८०० झाले, ते पाच जणांत. चीजचे ६००, ते सहा जणांत. पिणाऱ्याला ४६०, पंचाला १००. मल्टिप्लेक्सच्या तिकीट-पॉपकॉर्नपेक्षा स्वस्त.

जिथे मिळाली तिथे ३७५ मिलीची अर्धी बाटली घेतली. एका वेळी एकाला ५० मिली, म्हणजे कटिंग चहापेक्षाही कमी. चार वाइन मिळून माणशी २०० मिली. झिंगायचं नव्हतंच, मुद्दाही तोच होता. तरी गाडी कोणी आणायची नाही, हे आधीच ठरलं होतं.

ग्लासांचा प्रश्न होता. दांडीचे सहा ग्लास कुठून आणणार? वाइनच्या ग्लासला दांडी असते ती हाताची ऊब वाइनला लागू नये म्हणून. आमच्याकडे होते कटिंगचे काचेचे ग्लास. रंग दिसतो, वास येतो, वरच्या कडेला धरलं की ऊबही लागत नाही. काम झालं.

आणि एक टिप, जी हॉटेलातही बऱ्याचदा पाळली जात नाही. ‘रेड वाइन रूम टेम्परेचरला प्या’ म्हणतात, ती रूम युरोपातली, १६-१८ अंशांची. आपली एप्रिलमधली रूम नव्हे. तेव्हा रेडसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइट अजून थंड, ८-१० अंशांच्या आसपास.

जीभ कमी, नाक जास्त

टेस्टिंगच्या आधी केमिस्ट्रीने प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर बडीशेप ठेवली. नाक चिमटीत धरायचं आणि चावायची. लागतं काय? थोडं गोड, थोडा चोथा. मग नाक सोडायचं. धाडकन बडीशेप ‘येते’! सर्दीत जेवण बेचव का लागतं, त्याचं उत्तर हेच. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग घशामागून नाकात जाणारा वास असतो. वाइन फिरवतात ती स्टाइलसाठी नाही, वास मोकळा व्हावा म्हणून.

मग नंबर १. हलकी हिरवट-पिवळी. इंटरनेटवरची वर्णनं वाचून आलेला नागपूरकर म्हणाला, “गूजबेरी!” पंचाने विचारलं, “तू गूजबेरी खाल्लीयेस?” शांतता.

हा प्रॉब्लेम खरा आहे. वाइनची सगळी भाषा तिकडच्या फळांवर उभी आहे. ब्लॅकबेरी, कॅसिस, प्लम. जे आपण कधी चाखलंच नाही ते ग्लासात सापडणार कसं? म्हणून पंचाने नियम काढला: जे खरंच खाल्लंय, हुंगलंय, तेच बोलायचं. आणि वही भरायला लागली. “पेरू, कच्चा.” “सिमला मिरची चिरतानाचा वास.” “पहिल्या पावसानंतरचं गवत.” केमिस्ट्री खुश. नंबर १ सोव्हिन्यॉं ब्लां निघाली, आणि या द्राक्षात पायराझिन गटातली जी रसायनं असतात तीच सिमला मिरचीतही असतात. म्हणजे मिरची म्हणणारा चुकला नव्हता, एकदम शास्त्रशुद्ध बोलला होता.

नंबर २ शेनां ब्लां, किंचित गोडसर. “पिकलेलं केळं नाही, पण त्याच घरातलं काहीतरी.” “मोसंबी, साखर घातलेली.”

नंबर ३ रेड. पहिला घोट घेतला आणि तोंड आक्रसलं. इंग्रजी पुस्तकं इथे टॅनिन म्हणजे काय ते दोन पानं समजावतात. मराठी पोराला एक शब्द पुरतो: तुरट. आवळा, जांभूळ, कच्चं केळं, सुपारी, फार उकळलेला कोरा चहा. आपल्या सहा रसांत तो लहानपणापासून शिकवलेला आहे. द्राक्षाच्या सालीतून आणि बीमधून टॅनिन येतं, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि जिभेचा ओलावा गेल्यासारखा वाटतो.

“मिरी,” गोव्याची म्हणाली. “काळी मिरी, नक्की.” तिघांनी मान हलवली. मला काही केल्या मिरी सापडेना. दोनदा हुंगलं, तीनदा हुंगलं. त्या पार्टीत ज्ञान पाजळणारा मी, आणि माझं नाकच फेल. केमिस्ट्रीने दिलासा दिला. शिराझमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या रसायनामुळे येतो, काळ्या मिरीतही तेच असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ते शोधलं, आणि चाचणीत साधारण पाचातल्या एकाला त्याचा वास येतच नव्हता. “तुला संस्कार नाहीत असं नाही,” ती म्हणाली, “तुझं नाक तसं आहे.”

दिंडोरीकर तोपर्यंत गप्प होता. त्याने अजून एक छोटा घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि म्हणाला, “हे मी खाल्लंय.”

“प्यायलंय म्हणायचंय का?”

“नाही. खाल्लंय. याची साल खाल्लीये.”

तेवढंच बोलला. पंचाने लिहून घेतलं.

पुरणपोळी आणि कटाची आमटी

आता चीज. आम्ही चार घेतली: डब्यात दिसणारे नेहमीचे प्रोसेस्ड क्यूब, ताजं मोझरेला, भारतातच बनलेलं गौडा, आणि खारट पाण्यातलं फेटा. परदेशी चीज घ्यायची गरजच नाही. पुणे जिल्ह्यातल्या मंचरला चीजचा मोठा कारखाना आहे. मुंबईत बनलेल्या चीजने जागतिक स्पर्धेत पदकं मिळवली आहेत.

तोंड साफ करायला साधा पाव आणि पाणी. शिवाय नागपूरकराने आणलेली लसूण शेव, जिचा प्लॅनमध्ये समावेश नव्हता.

कोणाचं कोणाशी जमलं?

सोव्हिन्यॉं ब्लां आणि फेटा: जमलं. आंबटाला आंबट भेटलं की दोन्हींचा आंबटपणा सौम्य वाटतो. फ्रान्सच्या लोआर खोऱ्यात याच द्राक्षाची वाइन शेळीच्या दुधाच्या चीजबरोबर घेतात, ती याच न्यायाने.

शिराझ आणि गौडा: जमलं. चीजमधली प्रथिनं आणि स्निग्धांश टॅनिनला गुंतवतात, तुरटपणा उतरतो. चहात दूध घातल्यावर जे होतं तेच. तीच शिराझ फेट्याबरोबर घेतली तर कडवट, लोखंडी लागली. ‘रेड वाइन आणि चीज म्हणजे बेस्ट’ असं सरसकट नसतं, हे तिथे कळलं.

लसूण शेव आणि शिराझ: आग. तिखटाला तुरट आणि अल्कोहोल दोन्ही भडकवतात. तीच शेव गोडसर शेनांबरोबर मस्त. आपल्या जेवणाला कुठली वाइन, याचं उत्तर आम्हाला फुकटात मिळालं.

आणि नंबर ४. गडद, घट्ट, गोड. एक घोट घेताच गोव्याची हसायलाच लागली. “ही तर पोर्ट! आमची आजी ख्रिसमसच्या केकमध्ये घालते.” खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातली. गोव्यात पोर्तुगीज गेले, पण गोड वाइनला पोर्ट म्हणायची सवय मागे राहिली. ही आमची सगळ्यात स्वस्त बाटली होती. वाइनचे जाणकार हिच्याकडे बघतही नाहीत. पण फेट्याचा खारट तुकडा तोंडात ठेवून वर हिचा घोट घेतला आणि टेबल शांत झालं. इंग्लंडमध्ये निळ्या बुरशीच्या स्टिल्टन चीजबरोबर पोर्ट घेतात, फ्रान्समध्ये रोकफोरबरोबर गोड सोतेर्न. त्यांचा फंडा आपल्याला नवा नाही. गोडमिट्ट पुरणपोळीबरोबर आंबट-तिखट कटाची आमटी कोणी सुचवली होती? पेरूला मीठ कोण लावतं?

एक सावधगिरीची सूचनाही देतो. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या संशोधकांनी रेड वाइन चीजसोबत आणि चीजशिवाय तपासली. चीजमुळे वाइनमधले बहुतेक स्वाद दबले जातात, असं दिसलं. वाइनच्या धंद्यात जुनी म्हण आहे, खरेदी करताना सफरचंदावर चाखा, विकताना चीजवर चाखवा. म्हणजे स्वस्तातल्या वाइनचे दोष चीज झाकतं. आमच्यासारख्यांसाठी ही आनंदाचीच बातमी.

किंमत कोण पितं?

कागद काढायच्या आधी पंचाने सगळ्यांना चारही बाटल्यांच्या किमती लिहायला लावल्या. निकाल असा: पाचपैकी तिघांनी पोर्टला सगळ्यात महाग ठरवलं. दोघांनी शिराझला तिसऱ्या नंबरवर टाकलं, जी प्रत्यक्षात सगळ्यात महाग होती. त्या दोघांत मी होतो.

लाज वाटायचं कारण नाही, मोठमोठे फसलेत. २००१ मध्ये बोर्दोमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन दिली, पण लाल रंग घालून, रंगाला वास नव्हता. त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. २००८ मध्ये कॅलटेकच्या संशोधकांनी एकच वाइन लोकांना दोनदा दिली, एकदा दहा डॉलरची म्हणून आणि एकदा नव्वदची म्हणून. नव्वदवाली जास्त आवडली. गंमत म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते. त्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्येही जास्त सुख दिसत होतं. म्हणजे किंमत आपण खिशाने देतो आणि जिभेने पितो.

आणि सगळ्यात मोठा किस्सा १९७६ चा. पॅरिसमध्ये २४ मे रोजी फ्रेंच परीक्षकांनी लेबल न बघता फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन चाखल्या. तोपर्यंत कॅलिफोर्नियाला कोणी विचारत नव्हतं. व्हाइट आणि रेड, दोन्हींत पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला. नावं झाकली की माणसं खरं बोलतात.

नावं झाकली की माणसं घाबरतही नाहीत. हे मला त्या संध्याकाळी दिसलं. दिंडोरीकर सगळ्यात मोकळा होता, कारण कोणालाच काही माहीत नव्हतं.

दिंडोरीचा फोन

कागद निघाले. नंबर ३ ची बाटली हातात घेऊन त्याने लेबल वाचलं. नाशिक. मग म्हणाला, “आमच्याकडे होती ही. दोन एकर.”

आम्ही तीन वर्षं एकत्र आहोत. हे त्याने कधी सांगितलं नव्हतं.

२००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, वायनऱ्यांना करात सूट मिळाली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. नाशिक जिल्ह्यात वायनऱ्या भराभर उभ्या राहिल्या. शेतकऱ्यांशी करार व्हायला लागले. त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, २००६ मध्ये खाण्याची द्राक्षं काढून शिराझ लावली. पहिली वर्षं बरी गेली. मग जागतिक मंदी आली, मुंबईवरचा हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. त्यांच्याशी करार केलेल्या कंपनीने २००९ चा माल अर्धाच उचलला आणि त्याचेही पैसे अडकले.

“मग बाजारात विकायची ना,” नागपूरकर म्हणाला.

“कोण घेणार? मणी हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा, साल जाड, आत बिया. खाऊन बघ एकदा. थॉमसन असती तर व्यापाऱ्याला दिली असती, नाहीतर बेदाणा केला असता. हिला वायनरीशिवाय गिऱ्हाईकच नाही.”

२०१० मध्ये बाग तोडली. तो तेव्हा तिसरीत. शाळेतून येताना तो त्या बागेतले मणी तोंडात टाकायचा, साल चघळत बसायचा. ती चव पंधराएक वर्षांनी कटिंगच्या ग्लासात भेटली.

“आणि आप्पांनी वाइन चाखली होती?” मी विचारलं.

“आप्पा माळकरी आहेत रे. दरवर्षी वारी. थेंबही नाही.”

त्याने थोडा वेळ बाटलीकडे बघितलं आणि आमच्यासमोरच फोन लावला. आम्हाला वाटलं सहज बोलेल, विषय टाळेल. त्याने सरळ सांगितलं. “आप्पा, मित्रांकडे आहे. वाइन चाखली आज. शिराझ होती.”

पलीकडे शांतता. आम्ही सगळे श्वास रोखून. मग आवाज आला.

“किती घेतली?”

“चहाच्या ग्लासात, अर्धा. चार प्रकार.”

“गाडी चालवू नको.”

“नाही आप्पा.”

पुन्हा शांतता. आता फोन ठेवणार असं वाटलं, तेवढ्यात त्यांनी विचारलं, “कशी लागते रे?”

तो गडबडला. मग म्हणाला, “साल चघळल्यासारखी. तुरट. मागून मिरीचा वास येतो.”

“तुरट लागणारच. बी तपकिरी होईपर्यंत थांबायला पाहिजे, हिरव्या बीवर तोडली की तोंड ओढतं. ते साहेब यायचे ना, बी दातात फोडून बघायचे. मीपण शिकलो होतो.” मग ते बोलतच राहिले. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, जानेवारी-फेब्रुवारीत तोड. खाण्याच्या द्राक्षाला मणी फुगवायचा, वाइनच्या द्राक्षाला लहान ठेवायचा, म्हणून पाणी तोडायचं. साखर मोजायचं यंत्र अजून कपाटात आहे म्हणाले. आपण जे चार वर्षं पिकवलं ते शेवटी लागतं कसं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

फोन ठेवताना म्हणाले, “वास तरी चांगला येतो ना?”

“येतो आप्पा. भारी येतो.”

२०२२ च्या जानेवारीत वाइन सुपरमार्केटात विकायला राज्य सरकारने परवानगी दिली, तेव्हा केवढा वाद झाला होता ते आठवत असेल. वाइन दारू की शेतमाल, यावर दोन्ही बाजूंनी लोक भांडले. दिंडोरीच्या एका घरात या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या गळ्यातल्या माळेत अडकलेल्या होत्या, आणि तो माणूस आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त जाणकार होता.

उरलेल्या वाइनची बुचं लावून फ्रिजमध्ये ठेवली. चीज मात्र उरलं नाही. पंचाने वही बंद करताना वाचून दाखवलं. नंबर ३ खाली पाच जणांची पाच मतं होती: मिरी, जांभूळ, कोरा चहा, ‘काही येत नाही’ (मी), आणि शेवटचं, ‘हे मी खाल्लंय’.

खाली रिक्षाची वाट बघताना मी दिंडोरीकराला म्हटलं, “त्या दिवशीच्या सरबतबद्दल सॉरी.”

तो म्हणाला, “सोड रे. तुला तर मिरीपण येत नाही.”